तिच्या मापाची खोली

सोमवारी सकाळी थिएटरात शिरल्या शिरल्या ओटिली क्रँट्झने आपल्या गाण्यांचे कागद रंगमंचाच्या कडेला नेऊन ठेवले. ज्याचे कागद आधी, त्याची वादकांबरोबर तालीम आधी. गाणारे, नकलाकार, कसरतपटू, कुत्रेवाले, सगळ्यांना हा नियम सारखाच. पेनसिल्व्हेनियातल्या या कोळशाच्या गावातही तोच.

आज मात्र तिच्या कागदांत एक जास्तीचा होता. खेळात तिचा बाप होणाऱ्या पापा फेनने नेमका तोच उचलला.

"हे काय?"

"माझं गाणं. आज शेवटी मी बाबागाडीतून उतरणार आणि हिरव्या झग्यात उभं राहून हे म्हणणार. दुपारच्या खेळाला शिकागोचा एजंट येतोय. त्याला मी दिसायला हवी."

"अगं, तू उभी राहिलीस तरी कुणाला दिसणार?"

कुत्रेवाला फिसकन हसला. त्याचं हसू पापाला चढलं.

"लोकांना बाळ हवंय, ओटी. बाळ चिरूट ओढतं, माझी मिशी उपटतं, दात दाखवून हसतं. गाणी म्हणत नाही." कागदाचे तुकडे करून त्याने ते चौकड्यांच्या कोटाच्या खिशात टाकले. तोंडातली लवंग कडकन चावली. "हस बघू. दात दाखव."

ओटिली हसली नाही. ती एकोणतीस वर्षांची होती आणि उंचीने जेवणाच्या टेबलाएवढी. लहानपणीच बापाने तिला या माणसाच्या हवाली केलं होतं. तेव्हापासून गावोगाव, दिवसातून दोनदा, ती एक वर्षाची होत आली होती.

कपडे सांभाळणारी क्विग्लीबाई तिला रंगमंचाखाली घेऊन गेली. "वरच्या खोल्या भरल्यात. इथे बस. तुला जिनेही नकोत."

सवयीने ओटिलीने टाचा उंचावल्या, कडीसाठी हात वर टाकला. हाताला नुसतं लाकूड लागलं. कडी खाली होती. अगदी तिच्या खांद्याशी.

आत गेल्यावर ती थबकलीच. दुकानांचे गल्ले, दारांच्या घंटा, तोंड धुवायची भांडी... जन्मभर सगळं जग तिच्या डोक्यावरून गेलेलं. आरशात कधी भांगापलीकडे काही दिसलं नव्हतं. इथे आरशात तिचा पुरा चेहरा दिसत होता. खुर्चीवर बसलं की पाय जमिनीला टेकत होते. भिंतीला एकच खुंटी होती, हात न ताणता पोचेल अशी. ओल्या कोळशाचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक... नासलेल्या दुधाचा.

"इथे माझ्याएवढं कोण होतं हो?"

"कुणी नाही. पडदे टाकायची खोली ही. काल इथे खुंटीसुद्धा नव्हती." क्विग्लीबाई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. "आत एकटी बोलू नकोस हं, पोरी. रिकाम्या खोलीत बोललेलं खोली धरून ठेवते. माझी सासू म्हणायची..."

"तुमच्या सासूला सांगा, म्हाताऱ्यांचे नियम मला पुरे झालेत."

ओटिलीने दार लावून घेतलं. बाबागाडीत घालायचं लेसचं झबलं आणि टोपडं तिने खुंटीला अडकवलं. आरशाच्या कडेवर चेहऱ्याला लावायच्या गुलाबी रंगाची बोटं उमटली होती. बारीक बोटं. रंग ओला होता. तिने तो रुमालाने पुसून टाकला आणि दुपारच्या खेळाची वेळ होताच हिरवा झगा अंगावर चढवला.

मग तिचं लक्ष झबल्याकडे गेलं.

"मी नाही घालणार आता. हवं असेल तर तू घाल!"

कुणाला म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. वर वाजणारी तुतारी मध्येच थांबली. खोली गप्प झाली. कुणीतरी कान द्यावा तशी.

झग्याची बटणं पाठीला होती. ती लावता लावता तिची मान खाली गेली. वर पाहिलं तेव्हा खुंटी रिकामी होती.

डोक्यावरच्या फळ्यांवरून चाकं फिरली. बाबागाडीचं ते कुरकुरणारं चाक. पाठोपाठ तिच्याच प्रवेशाचं संगीत, आणि पापाचा आवाज, "कोण गं हे माझं सोनुलं?"

उत्तर आलं. ओटिलीच्याच आवाजात.

थिएटर हशाने हादरलं.

ती धावत विंगेत आली. तिला पाहून क्विग्लीबाईने छातीवर क्रुसाची खूण केली. "तू इथे... मग गाडीत..."

गाडीत टोपडं होतं. पाठमोरं. ते चिरूट ओढत होतं, मिशी उपटत होतं आणि लोक पोट धरून हसत होते. "आज रंगलीस गं!" पापा खुशीत पुटपुटला आणि शेवटाला त्याने बाळ उचलून कडेवर घेतलं. दोन लहान हात त्याच्या मानेभोवती मिटले.

मिटलेलेच राहिले.

तेवढ्यात त्याला विंगेतला हिरवा झगा दिसला.

"ओटी..." ओठ न हलवता तो म्हणाला. "तू तिथे... मग ही... काढ हिला. जड होतेय... ओटी, जड होतेय..."

त्याचे गुडघे वाकत चालले होते. लोकांना तोही विनोद वाटला, त्यांनी शिट्ट्या मारल्या. ओटिलीने एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरलं असतं. तिने टाकलं नाही.

"हसा, पापा," ती म्हणाली. "दात दाखवा. लोकांना बाळ हवंय."

पडदा पडला. पडद्यामागे बाबागाडी तेवढी होती. रिकामी.

म्हातारा पिऊन कुठेतरी पळाला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मागच्या दारात एजंट तिच्या डोक्यावरून बघत विचारत होता, "ते बाळ कुठंय? झकास बाळ!" ओटिली त्याच्या कोपराखालून बाहेर पडली आणि तिने स्टेशन गाठलं.

पुढच्या गावात तिने स्वतःच्या नावावर काम मागितलं. मॅनेजरने खांदे उडवले. "गा, बघू." भर दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने हिरव्या झग्यात उभं राहून आपलं गाणं म्हटलं. झाडूवाल्याने झाडू थांबवला. मॅनेजरने चिरूट विझवला.

"जाहिरातीत नाव काय घालू, बाई?"

बाई! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बाई म्हटलं होतं. "ओटिली क्रँट्झ," तिने ताठ मानेने सांगितलं.

"बरं. तुमची खोली त्या टोकाला."

गुणगुणत ती दारापाशी गेली, टाचा उंचावल्या, हात वर टाकला.

हाताला नुसतं लाकूड लागलं.

कडी तिच्या खांद्याशी होती. कडीवर गुलाबी रंगाची बारीक बोटं होती, ओली. तिने हात लावला नव्हता, तरी दार हळूच आत गेलं.

भिंतीला तीन खुंट्या होत्या, तिन्ही तिच्याच उंचीच्या. पहिलीवर लेसचं झबलं होतं, धुऊन इस्त्री केलेलं. दुसरीवर पापा फेनचा चौकड्यांचा कोट, खिशाला लवंगेचा वास. तोच कोट, तीच बटणं, फक्त आता तिच्या मापाचा.

तिसरी खुंटी रिकामी होती.