डाव्या बाजूचं वजन

कुंभार पिंपळगावात धर्मराज मिस्तरीनं आवळलेला बोल्ट सुटला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. उगाच नाही म्हणत! बाजारच्या दिवशी एवढ्या गोंगाटातसुद्धा गाडी फाटकातून आत आली, की न उठता सांगणार, "पुढचं उजवं बुश गेलंय." पुणे-मुंबईचे शिकलेले लोक यंत्र लावून जे शोधतात, ते या माणसाला तळहात टेकवून कळायचं. साठीला टेकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलणं तोलून मापून.

त्याची एक रीत होती. गाडी जॅकवर असताना बोल्टला शेवटचा आवळा म्हणून द्यायचा नाही. गाडी चाकांवर उभी करायची, तिच्यात घरातलं जे माणूस जिथं बसतं ते तिथं बसवायचं, आणि मग खाली शिरायचं. "गाडी रिकामी पळत नस्ते," म्हणायचा. "जे वजन घिऊन पळायची, त्या वजनावर आवळा."

जानेवारीतली गोष्ट. ऊस तोडणी जोरात चाललेली. किराणा दुकानवाल्या मूलचंद शेठचा थोरला, नमन, सकाळी आठलाच जुनी पांढरी सेडान घेऊन आला. वीस वर्षांची गाडी, पण जीव लावून वापरलेली. डिकीत पुण्याहून मागवलेलं लांबलचक खोकं.

"काका, मागं बार बसवायचाय. वळणावर गाडी डावीकडं झोपून राह्यली. कालव्याच्या वळणावर दोनदा शेपूट फेकली तिनं."

"मंग गाडी इका की."

"मम्मीची हाय." नमन खाली बघत म्हणाला. "आन् बायकोला, एकताला, सातवा म्हैना लागलाय. दर आठवड्याला जालन्याला दवाखान्यात न्यावं लागतंय, त्याच वळणावरून. मला बिलकुल रिस्क नको, काका."

धर्मराजनं खोकं उघडलं आणि तो दांडा हातात घेतला. स्प्रिंगच्या पोलादाचा, अंगठ्याएवढा जाड, दोन्ही टोकं वाकवलेली. मागच्या दोन चाकांना हा एकमेकांशी जोडतो. एक बाजू दबायला लागली, की दुसरीला सोबत ओढतो, म्हणून गाडी वळणावर कलंडत नाही. "वा! काय पोलाद हाय!" तो म्हणाला. चांगलं काम दिसलं की या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा उजळायचा.

आधी टेप लावला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंत. गाडीत कुणी नाही, डिकी रिकामी, तरी मागची डावी बाजू दोन बोटं खाली.

स्प्रिंग बसली असणार. त्यानं डावी स्प्रिंग उजवीकडं आणि उजवी डावीकडं घातली, गाडी खाली घेतली, हलवली, पुन्हा टेप लावला. डावीच बाजू खाली. हवा बघितली, शॉकअप बघितले, सगळं बराबर. गाडी जॅकवर उचलली की दोन्ही बाजू सारख्या, जमिनीला टेकवली की डावी हळूच खाली जायची, माणूस सीटवर टेकतो तशी. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

आता दुसरा मिस्तरी असता तर वॉशर घालून मोकळा झाला असता. पण हा धर्मराज! खालच्या ओठाला चिमटा काढत पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "नमन, तुमच्या दुकानातली लोखंडी वजनं आन. शिक्क्याची."

नमननं वजनं आणली. धर्मराज मागच्या उजव्या सीटवर एकेक ठेवत गेला. वीसचं, दुसरं वीसचं, मग पाचाचं, दोनाचं. शेवटी एकाचं ठेवलं आणि गाडी काटेकोर समतल झाली.

"अठ्ठेचाळीस किलो," धर्मराज म्हणाला. "डाव्या सीटवर अठ्ठेचाळीस किलो हाय."

नमनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काका... मम्मीला पहिला झटका आला तवा दवाखान्यात काट्यावर उभं केल्तं. अठ्ठेचाळीस भरल्ती."

"कुठं बसायच्या भाभी?"

"तिथंच. परत एकदा झटका आला म्हणून जालन्याला न्हेऊन राह्यल्तो... कालव्याच्या वळणावर गेली ती. त्याच सीटवर. नातवंड येणार हे कळून पंधरा दिवस झाल्ते फक्त. मांडीवर घ्यायचं, मांडीवर घ्यायचं, हेच चाललं होतं तिचं."

ऊन चांगलं तापलेलं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, पलीकडं चहावाल्याचा स्टो फरफरतोय. असल्या भर दिवसात धर्मराजच्या हातावर काटा आला. तो घाबरला, सरळ घाबरला. मागचं दार उघडलं तर आतून डोकेदुखीच्या बामचा वास आला, ताजा, आत्ताच कपाळाला चोळल्यासारखा. सीटचं कव्हर मधोमध दबलेलं होतं...

नाही म्हणून गाडी परत धाडता आली असती. पण त्या पोटुशा पोरीला त्याच वळणावरून जायचं होतं, आणि कलती गाडी कधी ना कधी घात करणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं टोपी काढली आणि त्या रिकाम्या सीटला हात जोडले.

"भाभी, तुम्हाला धरूनच आवळतो. हलू नका फक्त. लेकरं रस्त्यावर हायेत."

उजवीकडची वजनं उतरवली. मग तो खाली शिरला तो दोन तासांनी बाहेर आला. दोन्ही टोकांना चाकाशी जोडणाऱ्या लिंकचे आटे केसाकेसानं फिरवत त्यानं ते अठ्ठेचाळीस किलो त्या दांड्यावर पेलून धरले. टेप लावला तर दोन्ही बाजू सारख्या! प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे नट फिरला तर लगेच कळावं. जी गोष्ट पाहूनच दुसऱ्याची बोबडी वळली असती, तिचं माप घेऊन या माणसानं गाडी सरळ केली. याला म्हणतात कारागीर.

"उद्या जालन्याला जाताना दावून जा," तो म्हणाला. "नवा बार हाय, एकदा बघावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी नमन आला तो हसतच. सोबत एकता, शाल गुंडाळलेली.

"काका, तुमचे पाय धरू द्या! काल सांजच्याला घनसावंगीला गेल्तो दोघं. त्याच कालव्याच्या वळणावर ट्रॉली आली ना उलट्या बाजूनं. अंगावरच! स्टेअरिंग मारलं, तर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. जरा बी कलली न्हाई."

"तुम्ही होता म्हणून वाचलो, काका," एकता म्हणाली.

धर्मराजला मनापासून बरं वाटलं. दोघांना उतरवून त्यानं टेप लावला. आणि कपाळाला आठी पडली. डावी बाजू किंचित खाली होती. पांढऱ्या रेघा जागच्या जागी, एकही नट फिरलेला नव्हता. नमनची वजनं अजून तिथंच होती. त्यानं उजव्या सीटवर एक किलोचं ठेवलं. पुरलं नाही. सोबत अर्ध्याचं ठेवलं आणि गाडी समतल झाली.

दीड किलो वाढलं होतं.

"काका," मागून एकता हळूच म्हणाली, "दवाखान्यात जल्दी जायचं होतं. काल त्या वळणापासून बाळ बिलकुल हललं न्हाई. आधी सारखं लाथा मारायचं..."

सातव्या महिन्यातलं लेकरू केवढं असतं, हे धर्मराजला, दोन नातवांच्या आजोबाला, कुणी सांगायला नको होतं. तो गाडीच्या डाव्या दाराशी गेला, पोरांना ऐकू जाणार नाही असा वाकला, आणि काचेला कपाळ टेकवलं.

"भाभी... ते अजून तिचं हाय. तुमचं न्हाई. पाया पडतो, ठिवून जावा."

आत काही हललं नाही. बामचा वास तेवढा दाटून आला. मग लोखंड हळूच करकरलं, आणि त्याच्या हाताखालचा पत्रा वर यायला लागला.

"आई गं!" एकता ओरडली आणि पोट धरून हसायला लागली. "मारली! लाथ मारली!"

नमनच्या डोळ्यांत पाणी आलं. धर्मराजनंही डोळे पुसले आणि मनातल्या मनात त्या माउलीला नमस्कार केला. मागितलं आणि देऊन टाकलं, केवढं मोठं मन! पण पत्रा थांबला नव्हता. डावी बाजू उजवीच्या बरोबरीला आली, तिथूनही वर गेली, चांगली दोन बोटं वर. त्यानं दार उघडलं. सीट सपाट होती, आणि आता कसलाच वास येत नव्हता.

मागं एकता बाकड्यावर टेकली होती. ते जुनं बाकडं तिच्याखाली वाकलं होतं.

"अहो," ती नमनला म्हणाली, "एकदम किती जड जड वाटून राह्यलंय... मला उठताच येईना."