भीमराजची चढाई

हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. फुलसावंगीत, मागच्या मार्चमध्ये. रविवार होता, संध्याकाळचे सहा.

मी बादल राठोड. गावात केबल जोडून देतो.

त्या दिवशी आपल्या भागातल्या खेळांचं नवं चॅनल सुरू होणार होतं. पहिलाच सामना कबड्डीचा. सकाळपासून फोनवर फोन, "बादलभाऊ, आमचं जोडलं काय?" बॉक्स कमी पडले. मग मी एक नीचपणा केला...

'दुरुस्तीले नेतो' म्हणून सत्यशीला मावशीचा बॉक्स काढून आणला आणि दुसऱ्याला लावला.

तिचा भीमराज माझा जिगरी दोस्त. याच सामन्यात खेळणार होता. "माह्या मायले मी टीव्हीवर दिसलो पायजे. बॉक्स तूच लावजो," म्हणाला होता. मी लावलाही. पण जानेवारीत सरावाहून येताना त्याला ट्रकनं उडवलं. जागीच गेला.

मला वाटलं, आता मावशी कोणाला पाहणार?

बरोबर सहाला तिचा फोन आला.

"बादल, लवकर ये. भीमा खेळून राह्यला!"

धावत गेलो. टीव्ही चालू होता, पडद्यावर नुसता निळा उजेड. मागं वायर लोंबत होती, मीच सोडलेली.

आणि आवाज...

कबड्डी कबड्डी कबड्डी...

त्याचाच. आईशप्पथ, त्याचाच.

चढाई तीस सेकंदांची असते, तेवढ्यात एका दमात मधल्या लाइनीवर परत यायचं. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट... दोन... चार. दम तुटतच नव्हता.

मी प्लग उपटला. पडदा काळा झाला.

आवाज चालूच...

मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून रडत होती. "त्याले लाइन सापडत नसन रे. किती दम धरन माहं लेकरू?"

मग तिनं उंबऱ्यावर हात आपटला. "भीमा, हे पाह्य लाइन! ये घरी!"

आवाज टीव्हीतून सुटला. खोलीतून चालत आला. माझ्या अगदी बाजूनं...

खांद्याला बोटं लागली. थंडगार.

उंबऱ्यापाशी आवाज थांबला. कोणीतरी लांब श्वास सोडला.

"पोचला माहा लेक," मावशीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बॉक्स परत लावला. खरं सांगून तिच्या पाया पडलो. ती रागावली नाही. भीमाही रागावला नसेल, असं मी मनाला समजावतो.

पण मी लहानपणापासून त्याच्यासोबत कबड्डी खेळलोय. चढाई करणारा शिवून आपल्या लाइनीत परत पोचला, की ज्याला शिवला तो बाद.

आणि त्या खोलीत मावशीशिवाय मी एकटाच होतो.