तीन ठोके

जावयाने हौसेने तिकिटं काढली होती, त्यामुळे सासऱ्यांना नाही म्हणता आलं नाही. "बाबा, तुमचा जुना कारखाना! आता हिंडवून दाखवतात, वर व्हिस्कीची चवही देतात," हे त्याने वाटेत दोनदा सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी या फाटकातून बाहेर पडताना, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला होता.

आत सगळं तसंच होतं. भिजल्या जवाचा उबट वास, तांब्याच्या भट्ट्यांची धग, दोन पुरुष उंचीच्या लाकडी टाक्या. माहिती सांगणारी बाई पस्तिशीची, चटपटीत होती. चौथ्या टाकीपाशी ती थांबली.

"टाकी भरण्याआधी बाहेरून तीन ठोके मारतात. आत कुणी सफाईला उतरलं असेल, तर तो आतून तीन ठोके देतो. एकदा उत्तरच आलं नाही आणि टाकी भरली. आतला माणूस पिऊन पडला होता म्हणे." तिने टाकीच्या लाकडावर हात ठेवला. "माझे वडील ते. शाळेत मला बेवड्याची पोर म्हणायचे. आई मात्र शपथेवर सांगायची, त्यांनी कधी थेंबही घेतला नाही."

आई खरं सांगत होती. ठोके मारायचं काम सासऱ्यांचं होतं आणि त्या दिवशी घाईत त्यांनी ते मारलेच नव्हते. चौकशीत मात्र बिनदिक्कत सांगितलं, "मी ठोकलं, साहेब. उत्तर नाही आलं. जास्त झाली असेल त्याला."

आत्ता सांगून टाकावं. शब्द ओठांपर्यंत आले. पण शेजारी जावई कौतुकाने बघत होता. त्यांनी शब्द गिळले, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

मंडळी पुढे निघाली, तेव्हा टाकीतून ठोके आले. एक, दोन, तीन. धीराने मारलेले.

"आत कुणी आहे?"

"भरलेली आहे ती, काका," बाई हसून म्हणाली.

चव घेण्याच्या खोलीत त्यांनी ग्लासला हात लावला नाही. टेबलाच्या लाकडात तीन ठोके उमटले. ग्लासातली व्हिस्की तीनदा थरथरली. इतरांच्या गप्पा चालूच होत्या. "आलोच," म्हणून ते उठले आणि स्वच्छतागृहात जाऊन त्यांनी कडी लावली.

आत जवाचा वास होता. श्वास पुरेना. आधाराला भिंत धरली, तर हाताला ओलं लाकूड लागलं.

बाहेरून तीन ठोके पडले.

"बाबा?" जावई होता.

त्यांनी दारावर मूठ आपटली. आवाज झाला नाही. दोन्ही मुठी आपटल्या.

"मी ठोकलंच नव्हतं गं, पोरी!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

पुन्हा तीन ठोके. मग त्या बाईचा समजूतदार आवाज.

"उत्तर नाही येत. जास्त झाली असेल त्यांना."

"हो ना," जावई ओशाळून म्हणाला. "ग्लास रिकामाच आहे त्यांचा."