बाबांची पिकअप आणि नवा टेप

पिकअपच्या डॅशबोर्डाखाली डोकं घालून मी मराठीत शिव्या देत होते, म्हणून तो थांबला. हिंदीत दिल्या असत्या तर बनारस स्टेशनबाहेर कुणी वळूनही बघितलं नसतं.

"मराठी का?" पावसातून आवाज आला.

मी डोकं बाहेर काढलं. खांद्याला बॅग, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री, आणि चेहरा... चेहऱ्याचं नंतर सांगते.

"तुम्हाला काय वाटलं, संस्कृत?"

"संस्कृत एवढी तिखट नसते," तो म्हणाला. "जळल्याचा वास येतोय बघा. सरका की जरा."

माझ्या गाडीत मला सरकायला सांगणारा हा कोण? पण धूर खरंच येत होता. मी सरकले.

तो ऋतुराज. मिरजेचा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर, नुकताच मुगलसरायला बदलून आलेला. आणि मी ईशानी, रामघाटावरच्या श्रीनिवास उपाध्यांची मुलगी. पिकअप बाबांची होती, माझ्याहून वयानं मोठी, विलायती, गोल नाकाची. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना बाबा याच गाडीतून घाटाजवळ आणायचे, आणि ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना काशीभोवतालच्या पंचक्रोशीची यात्रा घडवायचे. गाडी चालवता चालवता प्रत्येक देवळाची कथा सांगायचे. लोक दर्शनाला यायचे आणि बाबांच्या आवाजाच्या प्रेमात पडून जायचे.

थंडीत बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते खिडकीशी बसून गंगेकडे बघत. जेवण पुढे ठेवलं तर जेवत, नाहीतर तेही नाही. गाडी मी चालवायला शिकले होतेच. पण कथा कोण सांगणार? एका यजमानानं पूर्वी गाडीत बसून बाबांचं सगळं बोलणं एका कॅसेटवर भरून घेतलं होतं. ती कॅसेट आमच्याकडे होती, एकुलती एक. अधिक आषाढात वाईची मंडळी यायची होती. गाडीत टेप बसवायचा, बाबांना शेजारी बसवायचं आणि त्यांचा आवाज यजमानांना ऐकवायचा, असं मी ठरवलं होतं. आपलं काम संपलं नाही हे बाबांना कळलं नसतं, तर ते त्या खिडकीशी बसल्या बसल्याच गेले असते. मला त्याचीच भीती होती.

टेप नेपाळच्या बाजूनं आलेला, नवाकोरा. बोट टेकवलं की बटणं हिरवी उजळायची. मिस्त्रीनं जोडला आणि पहिल्याच दिवशी धूर!

"तुमच्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलंय," ऋतुराज तारा सोडवत म्हणाला. "जुन्या विलायती गाड्यांत असायचं तसं. नव्या टेपला बॉडीकडे ऋण लागतं. पत्र्याला पत्रा टेकला की फ्यूज गेलाच."

"मतलब, आमची गाडी उलटी आहे?"

"गाडी सरळ आहे. तिच्यामागून जग उलटं झालं."

मी हसले. बाबा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले असेन. त्यानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं... आता चेहऱ्याचं सांगायला हरकत नाही. सावळा, लांबट, आणि बघताना एक भुवई वर जाणारा. बस, एवढंच.

रविवारी तो मैदागिनला यायला लागला, तिथं आमची गाडी उभी असायची. गल्ल्यांत तिला कोण शिरू देणार! मिस्त्री डॅशबोर्ड कापा म्हणत होता. ऋतुराजनं कापू दिला नाही. त्यानं लाकडाची पेटी केली, आतून सायकलची ट्यूब चिकटवली, टेप तिच्यात बसवला आणि पेटी डॅशबोर्डाखाली टांगली. पत्र्याला कुठंच स्पर्श नाही.

"पेचकस," स्क्रू पिळायला तो हात पुढे करायचा.

"कृपया म्हणा."

"कृपया पेचकस द्या की, ईशानीताई."

"ताई म्हटलं तर मिळणार नाही."

"मग काय म्हणू?"

मी पेचकस त्याच्या तळहातावर ठेवला. बोटं जरा जास्त वेळ राहिली, माझी की त्याची कोण जाणे. मागं टपावर पाऊस वाजत होता आणि दोघंही बाहेर चहावाल्याकडे बघत राहिलो, जणू चहा प्यायचाच होता.

टेप तयार झाला त्या दिवशी मी कॅसेट घेऊन गेले. त्यानं ती आत ढकलली. जरा खरखर, आणि मग... "यजमान, आता उजव्या हाताला बघा. हा कर्दमेश्वर. इथं पहिला मुक्काम..."

बाबा! तसाच खर्ज, 'यजमान' म्हणताना तसाच लाडीक हेल. माझे डोळे कधी भरले कळलं नाही. ऋतुराजनं मान खाली घातली. कर्दमेश्वर झाला, भीमचंडी सुरू झाली. आणि आवाज ओढला गेला, जाड झाला, थांबला.

फीत आत अडकली होती. ऋतुराजनं घाबरून बटण दाबलं आणि कॅसेट बाहेर ओढली. जुनी, उन्हानं चिकट झालेली फीत ती. तुटली. तपकिरी गुंता त्याच्या हातात लोंबत राहिला.

"मी जोडतो... चिकटपट्टीनं जोडता येते..."

त्यानं ओढली तशी ती आणखी तुटली.

"सोडा," मी म्हटलं. "गाडीला हात लावू नका यापुढे. जा तुम्ही."

तो गेला. त्याची छत्री गाडीतच राहिली.

घरी येऊन मी बाबांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता ते भिंतीकडे तोंड करतील. त्यांनी तसं केलं नाही. अर्ध्या ओठांनी हसले, माझ्या हनुवटीला डावा हात लावला आणि वर उचलला. म्हणजे, बोल.

"काय बोलू?"

परत तोच हात. मग उमगलं. बाबा पाठशाळेत मुलांना वेद शिकवायचे तेव्हा हातानं स्वर दाखवायचे. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, आणि चुकला की जागच्या जागी थांबायचा.

"यजमान, आता उजव्या हाताला बघा," मी सुरू केलं. हात वर गेला. भीमचंडीला मी घाई केली तर हात थांबला. परत म्हटलं. रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. लहानपणापासून गाडीत त्यांच्या शेजारी बसून ऐकलेलं सगळं माझ्याजवळ होतंच, कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात बाबांनी खिडकी सोडली. सकाळी आंघोळ करून, गंध लावून ते माझी वाट बघत बसायचे, आणि आई स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसायची.

मग मी मुगलसरायला गेले. सिग्नलच्या ऑफिसात तो कसल्याशा तारांत बुडाला होता. मला बघून उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

"छत्री द्यायला आलात?"

"छत्री घरी आहे. त्या टेपाच्या स्पीकरला माइक जोडता येईल का?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नका."

"गाडीला म्हटलं होतं. माइकला नाही."

त्याची भुवई वर गेली नाही. "मला झोप नाही हो त्या दिवसापासून," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांचा आवाज मी तोडला."

"तो तुटत नसतो," मी म्हटलं. आणि तिथंच, त्या ऑफिसात, तीन कारकून कान टवकारून बसलेले असताना मला पक्कं कळलं की मला हा माणूस हवा आहे.

यात्रेच्या सकाळी मंडळी नावेनं अस्सी घाटाला आली. बाबांना दोघा नावाड्यांनी उचलून गाडीत बसवलं. खिडकीशी बाबा, चाकामागं मी, आणि मधे अंग चोरून ऋतुराज, माझ्या तोंडाशी माइक धरून. मागं वाईच्या म्हाताऱ्या.

"यजमान, आता उजव्या हाताला बघा..."

माझा आवाज थरथरला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांचा हात वर जाताना दिसला, आणि आवाज सरळ झाला. मागं कुणीतरी म्हणालं, "अगदी उपाध्येबुवाच!" बाबांच्या छातीतून खोल हुंकार आला.

रामेश्वरला वरुणेच्या काठी गाडी थांबवली. पाऊस उघडला होता. अन्नपूर्णाबाई नावाच्या यजमानीणबाईंनी तांब्याचं ताट पुढे आणलं, अनारशांनी भरलेलं, वर दिवा. अधिक महिन्याचं वाण! जावयाला द्यायचं, जावई नसेल तर ब्राह्मणाला. बाईंना मुलगी नव्हती. त्यांनी ताट बाबांच्या मांडीवर ठेवून नमस्कार केला.

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग ऋतुराजकडे. डाव्या हातानं वाण देत नाहीत. त्यांनी डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात उचलला, ताटाखाली ठेवला आणि ताट त्याच्यापुढे केलं.

"अग बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "जावई होय हे?"

ऋतुराजचा रंग उडाला. तो माझ्याकडे बघत राहिला. ताट थरथरायला लागलं.

"घ्या की," मी हळूच म्हटलं. "बाबांना फार वेळ धरवणार नाही."

"घेतलं तर... परत नाही द्यायचो."

"मी मागणार नाही."

त्यानं दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.