पाच मोजेपर्यंत

एम. जी. रोडवरच्या तीन दुकानांनी अ‍ॅम्प्लिफायर नुसता बघूनच नाही म्हटलं होतं. चौथ्या दुकानाच्या पायरीवर सुवर्णाची बोटं सुटली – आणि तिथं चहा पीत बसलेल्या माणसाने ग्लास टाकून दोन्ही हात खालून लावले. चौदा किलो वजन, वर गोणपाट, गोणपाटाला चिकटलेल्या गुलाबाच्या पाकळ्या.

"चहा सांडला तुमचा," ती म्हणाली.

"चहा परत मिळतो. हा नाही मिळत."

२००४ चा डिसेंबर होता. त्याचं नाव समाधान. सहा फूट रुंदीचं ते दुरुस्तीचं दुकान त्याचंच. अ‍ॅम्प्लिफायर सुवर्णाच्या वडिलांचा, मखमलाबादला गुलाब पिकवणाऱ्या मल्हारींचा. १९७९ साली गुलाबाला चांगला भाव मिळाला, तेव्हा घेतलेला. रोज पहाटे त्याला रेडिओ जोडायचा आणि सगळ्या घराने ओट्यावर बसून फुलांच्या जुड्या बांधायच्या, हा रिवाज. ऐन दिवाळीत तो मुका झाला. भाऊ राज पाच डब्यांचं होम थिएटर घेऊन आला. 'आवाज खोलीभर हिंडतो,' वडील म्हणाले होते, 'पण बसत नाही कुठं.'

"आठ दिवस लागतील," समाधान म्हणाला.

ती तिसऱ्या दिवशी आली. पाचव्या दिवशीही... चौकशीला.

"रोज आलात तरी आठच दिवस लागतील."

"मग उद्या येते," ती म्हणाली.

त्याने झाकण उघडून दाखवलं. "हा ट्रान्सफॉर्मर, अर्धं वजन याचंच. हे ट्रान्झिस्टर. प्रत्येक गोष्ट दिसते, हात पोचतो. नव्यात एक चिप असते. ती गेली की सगळंच गेलं."

"म्हणून आवडतात तुम्हाला?"

"नाही. बाई गाताना मधेच श्वास घेते ना... याच्यातून तो ऐकू येतो."

आठव्या दिवशी त्याने वायरीत शंभर वॅटचा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख जळत राहतो. सगळं ठीक असेल तर एकदा उजळतो आणि मंदावतो. बल्ब उजळला... मंदावला. पण आवाज नाही.

"बंदच आहे की."

"पाच मोजा. आत रिले असतो. सगळं स्थिर झालं की मगच तो स्पीकर जोडतो. घाई केली तर धक्का बसतो."

तिने मनातल्या मनात मोजलं. टक् – आणि त्या अरुंद दुकानात सारंगी शिरली. बाहेर नाशिकची बोचरी थंडी होती. तासाभराने अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेच्या पट्ट्या कोमट झाल्या, तसे दोघांनी त्यांवर हात शेकले. तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली. कुणीच हात काढला नाही.

मग अ‍ॅम्प्लिफायर घरी गेला. वडील खूश झाले, आणि सुवर्णाकडे एम. जी. रोडला जायला कारण उरलं नाही. तीन आठवडे ती जुड्या बांधताना बोटांत काटे भरून घेत राहिली. मग एका सकाळी फुलबाजारातून आलेले वडील म्हणाले, "तो तुझा रिपेअरवाला दुकान बंद करतोय म्हणे. सोमवारी पुण्याला चाललाय नोकरीला."

शनिवारी ती सिटी बसने आली. तेच गोणपाट.

"काय झालं?"

"बंद पडला."

समाधानने बल्ब जोडला. बल्ब पेटलाच नाही. त्याने प्लग हलवून पाहिला, मग मागची छोटी टोपी फिरवून काढली. आत काहीच नव्हतं.

"फ्यूज उडतो," तो सावकाश म्हणाला. "निघून जात नाही."

सुवर्णाने काउंटरवर मूठ उघडली. काचेची ती इवली नळी तिच्या हातात गरम झाली होती.

त्याने फ्यूज बसवला. बल्ब उजळला... मंदावला.

"मोजा," तो म्हणाला.

एक... दोन... तीन –

"पुण्याला जाऊ नका."

टक्.

"घाई केलीत," रेडिओच्या आवाजात तो म्हणाला.

"धक्का बसला?"

"बसला." त्याने आवाज कमी केला. "पहिल्या खेपेचं काम तासाभराचं होतं."

"आठ दिवस ठेवलात की."

"ठेवला..." तो हसला, पण लगेच दुकानभर नजर फिरवून म्हणाला, "इथं गिऱ्हाईक नाही, सुवर्णा. काय बघून थांबू?"

"तीन दुकानांनी नाही म्हटलं मला. त्यांना भेटा. म्हणावं, नाही म्हणाल तेव्हा पत्ता माझा द्या. माझ्यासारख्या किती जणी परत गेल्या असतील."

"तुमच्यासारख्या?"

"अ‍ॅम्प्लिफायरवाल्या," ती म्हणाली आणि गोणपाटाची घडी घालत बसली.

सोमवारी पहाटे मखमलाबादच्या ओट्यावर जुड्या बांधायला एक माणूस जास्त होता. फुलं चुकीच्या जागी धरत होता, काटे टोचून घेत होता. मल्हारींनी बटण दाबलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"एवढा वेळ का लावतो रे हा?"

"आधी खात्री करून घेतो, काका," समाधान म्हणाला. "मगच जोडतो."

मल्हारींनी एकदा मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून मोजत होती. पाचावर टक् झालं. त्यांनी फुलांची टोपली समाधानच्या पुढ्यात सरकवली.

"देठ खालून धर," ते म्हणाले. "शिकशील."