अंगणातलं लोखंड

मागच्या अंगणातून ‘टण्’ असा आवाज आला आणि ताईच्या हातातलं कापड शिलाई मशीनच्या सुईखाली तसंच अडकून राहिलं. कुदळ दगडावर बसली तर आवाज बोथट येतो. हा आवाज लोखंडाचा होता...! चोपन्न वर्षं उराशी दडवून ठेवलेलं भय एका क्षणात खरं झालं.

अंगणात तिचा धाकटा भाऊ खणत होता. सुतारकाम करून घट्टे पडलेल्या हातांचा, त्रेसष्ट वर्षांचा हा भाऊ गेली बारा वर्षं बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता. वडिलांच्या घराला मागे दोन खोल्या वाढवाव्यात एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ताईनं त्याला साफ नकार दिला होता. कारण विचारलं तर तिनं तोंड उघडलं नव्हतं. घर एकटीच्या घशात घालायचंय हिला, असं तो चारचौघांत बोलला होता. तेही तिनं मुकाट ऐकून घेतलं होतं. आता त्याची लेक दोन मुलांना घेऊन कायमची माहेरी परतत होती. तेव्हा त्यानं न विचारताच मागचं फाटक उघडलं आणि कामाला सुरुवात केली.

त्यानं पुन्हा कुदळ उगारली, तोच सत्तरी ओलांडलेली ताई धापा टाकत आली आणि सरळ त्या खड्ड्यात उतरून बसली.

“बाजूला हो,” तो म्हणाला. बारा वर्षांनंतरचे त्याचे पहिले शब्द!

“धाकट्या, कुदळ हळूच खाली ठेव. आपटू नकोस. खाली बॉम्ब आहे.”

तो हसणार होता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू ओठांतच विरलं. लहानपणी याच जागी खेळताना तिनं त्याच्या अशी एक थोबाडीत दिली होती, की दोन दिवस गाल सुजला होता. तेव्हाही तिचा चेहरा अस्साच पांढराफटक होता.

मग तिनं सांगितलं... महायुद्धातली ती दुपार, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. विमानं येऊन गेली, गल्लीत न फुटलेले बॉम्ब पडले, आणि ते शोधायला आलेल्या पथकाचे प्रमुख होते खुद्द त्यांचे बाबा. एक बॉम्ब त्यांच्याच अंगणात खोल रुतला होता. बॉम्ब सापडला की सगळी गल्ली रिकामी करायची, असा नियम होता. पण आत आई बाळंतवेणांनी तळमळत होती, मूल आडवं आलं होतं, आणि हलवलं तर दोघंही जातील असं सुईणीनं सांगितलं होतं. बाबांनी वहीत लिहिलं, ‘अंगण तपासलं, काही नाही.’ आणि रातोरात स्वतः माती लोटून ते भोक बुजवलं.

“मग नंतर का नाही काढला त्यांनी?” त्यानं विचारलं.

“चारच दिवसांनी दुसरा एक निकामी करताना त्यांचे दोन सोबती डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून त्यांचे हात थरथरायचे ते थांबलेच नाहीत. तुला वाटायचं, ते थंडीनं. चोपन्न वर्षांपूर्वी मरताना मला जवळ घेऊन म्हणाले, इथून हलू नकोस, कुणाला खणू देऊ नकोस... आणि धाकट्याला सांगू नकोस. आपल्या जन्मापायी बापानं खोटं लिहिलं, हे ओझं त्याच्यावर नको.”

धाकट्यानं कुदळ हळूच खाली ठेवली. शाळेतल्या मास्तराशी ठरलेलं लग्न ताईनं अचानक का मोडलं, तो मास्तर नंतरही वर्षभर का चकरा मारत होता, हे गणित त्याला आज सुटलं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडच्या पाववालीच्या भट्टीची धग त्याच्या पाठीला जाणवली.

“तिच्या दोन्ही पोरी या भिंतीला लागून झोपत वाढल्या, ताई.”

“ठाऊक आहे,” ती पुटपुटली. “त्या झोपायच्या. मी नाही झोपले.”

त्यानं तिला हात धरून खड्ड्याबाहेर काढलं आणि पोलिसांना कळवलं. तासाभरात लष्कराचं पथक आलं. बॉम्ब जिवंत होता, आणि गंजल्यामुळे हलवण्याजोगा नव्हता. तो जागीच उडवावा लागणार होता. सगळी गल्ली शाळेच्या सभागृहात नेऊन बसवली. पाववाली ताईच्या समोरून गेली, थांबली, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढे जाऊन पाठ करून बसली. त्या पाठीकडे पाहताना ताईला वाटलं, यापेक्षा तो बॉम्ब फुटून मीच संपले असते तर बरं झालं असतं...!

पथकाची प्रमुख जबानी घ्यायला आली. हे कुणाला माहीत होतं, असं तिनं विचारलं.

“मला एकटीला,” ताई म्हणाली. “वडिलांना काही कल्पना नव्हती. लहानपणी मी भोक पाहिलं होतं आणि भीतीनं बोलले नाही. दोष माझा लिहा.”

बाबांचा सैनिकी वेशातला फोटो धाकट्याच्या दुकानात दर्शनी भागात होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवायचा. पथकप्रमुख लिहू लागली, तसा त्यानं कागदावर हात ठेवला.

“हे खोडा. वडिलांना माहीत होतं. त्यांनीच बुजवलं. माझा जन्म होत होता म्हणून.”

“धाकट्या...!”

“पुरे झालं, ताई. अर्धं आयुष्य घातलंस त्यांच्यापायी, अर्धं माझ्यापायी. आता आणखी एक खोटं मला पेलणार नाही.”

त्याच वेळी जमीन हादरली. खिडक्यांची तावदानं खणखणली, मुलं रडू लागली, आणि ताईनं दोन्ही हातांनी भावाचा सदरा गच्च धरला. मागाहून निरोप आला, की घराची मागची बाजू पार कोसळली, भट्टीची भिंतही गेली. पण जीव एकही गेला नाही. धाकटा उठून पाववालीपाशी गेला आणि भिंत मी बांधून देईन म्हणाला. या खेपेला तिनं पाठ फिरवली नाही.

तो परत आला तेव्हा ताईचे डोळे जड झाले होते. तो शेजारी टेकला तशी तिची मान त्याच्या खांद्यावर कलंडली आणि त्या गलक्यात, भर दुपारी, तिला गाढ झोप लागली. लोक एकेक करून घरी गेले. शाळेचा शिपाई दारं लावायला आला. धाकट्यानं ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं आणि हाताला मुंग्या येत होत्या तरी संध्याकाळपर्यंत तो जागचा हलला नाही.