अकराव्या पानावरची रेघ

"चोरी टायपिस्टबाईंनीच केली," गणिताच्या सरांची मुलगी म्हणाली. "कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक बाबांकडे, एक बाईंकडे. उद्यापासून घरात पाऊल टाकू नका, असं सांगणार आहे मी त्यांना."

तपासनीसांनी चष्मा पुसला. शेजारी त्यांचा मेहुणा होता. तो प्रत्येक तपासाला येई आणि पहिल्याच संशयिताला गुन्हेगार ठरवून मोकळा होई.

सरांच्या गाजलेल्या शोधनिबंधाची साठ वर्षांपूर्वीची टाइप केलेली मूळ प्रत गेली होती. त्यातल्या 'बरोबरीच्या मुद्द्या'ने सरांचं नाव देशोदेशी पोचवलं होतं. विद्यापीठ ती प्रत काचेखाली मांडणार होतं.

"फाइल जागच्या जागी होती," मुलगी म्हणाली. "फितीला बारीक घट्ट गाठ, आत काही नाही. कार्बन प्रत आणि छापील निबंध तेवढे माझ्याकडे आहेत."

तपासनीसांनी दोन्ही शेजारी मांडले. त्या काळी यंत्रावर गणिताच्या खुणा नसत. बाई जागा मोकळ्या सोडत आणि सर त्या शाईने भरत, आधी वरच्या प्रतीत, मग कार्बनवर. आता कोणी कोणासाठी अशी जागा सोडत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

"अकराव्या पानावर फरक आहे," तपासनीस म्हणाले. "कार्बनवर 'पेक्षा लहान' अशी खूण. छापील निबंधात तिच्याखाली रेघ. म्हणजे 'लहान किंवा बरोबर'. गाजलेला बरोबरीचा मुद्दा तो हाच."

"एवढीशी रेघ," मेहुणा म्हणाला. "माशी बसली असेल."

बाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला. "बोटं वळत नाहीत हो आता. चाळीस वर्षं बडवून घेतली त्यांच्याकडून."

"सरांच्या कागदाला कधी पेन लावलंत?"

"छे. पेन त्यांचं, मशीन माझं."

"प्रत तुम्ही नेलीत?"

बाईंनी कप खाली ठेवला. "माझ्यावर आलंय ना? येऊ दे. सरांना त्रास देऊ नका."

मेहुण्याने कोपर मारलं. "कबूल झालं की."

सर आपल्या खोलीत होते. टेबलावर भिंग होतं. "गेलं ते गेलं," ते म्हणाले. "प्रदर्शन रद्द करा."

"संशय बाईंवर आहे."

सरांचा चेहरा उतरला. "हे मला कोणी सांगितलं नाही."

तपासनीसांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"चोर फाइल रिकामी करून वर गाठ मारत बसत नाही. आणि बाईंच्या बोटांना ती गाठ जमणारच नाही. राहिली दुसरी किल्ली."

"बाबांची? पण का?" मुलगी म्हणाली.

"रेघ फक्त वरच्या प्रतीवर आली. सरांनी काढली असती, तर कार्बनवरही काढली असती. बाई पेन लावत नाहीत. म्हणजे वरचा कागद एकटाच पुन्हा मशीनवर चढला होता; अधोरेखनाची कळ मशीनला असतेच. प्रदर्शनासाठी प्रत काढली तेव्हा सरांना ते भिंगातून दिसलं असणार."

सरांनी खण उघडून सगळी प्रत बाहेर काढली आणि अकरावं पान पुढे केलं. शाईच्या खुणेखाली यंत्राची रेघ होती.

"चौथ्या पानावर रेघ होती, इथे नव्हती," बाई म्हणाल्या. "सर गावाला गेलेले, टपालाची वेळ झालेली. मला वाटलं, विसरले."

"विसरलो नव्हतो," सर म्हणाले. "मला ते सुचलंच नव्हतं. छापून आल्यावर वाटलं, मीच लिहिलं असणार. साठ वर्षं त्या रेघेवर मान मिळवला. परवा खरं कळलं आणि लाज वाटली, म्हणून लपवलं."

"किल्ल्या दोन," बाई हळूच म्हणाल्या. "मी नेलं नाही, तर कोणी नेलं, एवढं गणित मलाही येतं."

मुलगी बाईंच्या शेजारी जाऊन बसली. "माझं चुकलं," ती म्हणाली.

सरांनी पहिलं पान पुढ्यात ओढलं, पेन उघडलं, आपल्या नावाशेजारी 'आणि' लिहिलं. मग हात थांबला.

"बाई," ते ओशाळून म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय?"